अंगण, चौक, परस, खळे : जुन्नर-आंबेगावच्या मोकळ्या जागांचे जपानी प्रतिशब्द

जपानी भाषा शिकणाऱ्या मराठी विद्यार्थ्यास ‘अंगण’ या शब्दाचा प्रतिशब्द विचारला, तर तो बहुधा ‘निवा’ असे सांगतो आणि ‘चौक’ विचारला, तर ‘नाकानिवा’. ही उत्तरे सर्वस्वी चूक नाहीत. परंतु ती पुरेशीही नाहीत. याचे कारण असे की, मराठीतून जपानीत जाताना विद्यार्थी पुष्कळदा इंग्रजीच्या पायरीवर थांबून पुढे जातो. अंगण, चौक, परस, आवार हे चार निराळे मराठी शब्द इंग्रजी-मराठी कोशातील ‘कोर्टयार्ड’ या एका शब्दाशी येऊन मिळतात आणि तेथून पुढे जपानीत त्या सर्वांसाठी एकच शब्द निघतो. मराठीने जो भेद जपला आहे आणि जपानीनेही जपला आहे, तो मध्येच नाहीसा होतो. ही मधली पायरी गाळून, जागेचे स्थान आणि तिचा उपयोग यांवरून प्रतिशब्द कसा निवडावा, याचे विवेचन प्रस्तुत लेखात केले आहे.

विवेचनासाठी पुणे जिल्ह्याच्या उत्तरेकडील जुन्नर व आंबेगाव हे दोन तालुके घेतले आहेत. कुकडी, मीना व घोड या नद्या सह्याद्रीच्या माथ्याजवळ उगम पावून येथून पूर्वेकडे वाहतात. पश्चिमेकडील खोऱ्यांत पाऊस मोठा आणि पीक भाताचे. पूर्वेकडे पाऊस कमी होत जातो आणि पूर्वापार पिके बाजरी-ज्वारीची. शिवनेरीच्या पायथ्याचे जुन्नर हे प्राचीन व्यापारी नगर. भोवतालच्या डोंगरांत बौद्ध लेणी. लेण्याद्री व ओझर ही अष्टविनायकांपैकी दोन स्थाने. जुन्नर, ओतूर, घोडेगाव, मंचर यांसारख्या गावांतील जुने वाडे. आणि पश्चिमेकडे महादेव कोळी व ठाकर वस्त्यांतील कुडाची घरे. एवढ्या लहान प्रदेशात मोकळ्या जागेचे जवळजवळ सर्व प्रकार आढळतात. शिवाय लेण्यांमुळे बौद्ध परंपरेशी परिचित असलेल्या जपानी वाचकास या प्रदेशाविषयी स्वाभाविक जिज्ञासा असते. त्याच्यासाठी लिहिताना शब्द चुकला, तर वास्तूचे चित्रच चुकते.

१. ‘निवा’ या शब्दाची व्याप्ती

आजच्या जपानीत ‘निवा’ म्हणजे प्रथमतः बाग. दगड, शेवाळ, पाणी आणि छाटलेली झाडे यांची रचना त्या शब्दासरशी डोळ्यांपुढे येते. आखीव, विस्तीर्ण उद्यानास ‘तेइएन’ म्हणतात. ओकायामा येथील कोराकुएन हे त्याचे प्रसिद्ध उदाहरण असून त्याच्याच धर्तीवर पुण्यात सिंहगड रस्त्यालगत पुणे-ओकायामा मैत्री उद्यान उभारलेले आहे. तेव्हा शेणाने सारवलेल्या, मधोमध तुळशीवृंदावन असलेल्या अंगणास नुसते ‘निवा’ म्हटले, तर जपानी वाचक तेथे झाडे-झुडपे कल्पील.

परंतु ‘निवा’ शब्दाचा जुना अर्थ निराळा आहे. एखादे काम किंवा विधी करण्यासाठी राखलेली सपाट, मोकळी जागा म्हणजे ‘निवा’. विधीसाठी शुद्ध केलेल्या जागेस ‘युनिवा’ म्हणत. शेतकऱ्याच्या घरातील मातीच्या जमिनीचा, छपराखालचा भाग, ज्यास सामान्यतः ‘दोमा’ म्हणतात, त्यासही अनेक प्रांतांत ‘निवा’ हेच नाव होते, कारण पावसाळी दिवसांत धान्याची कामे तेथे चालत. मळणी व धान्य साफ करण्याची कामे संपल्यावर होणाऱ्या समारंभास ‘निवाआगे’ असे नाव आहे. कोंबडीस जपानीत ‘निवातोरि’, म्हणजे निवातील पक्षी, म्हणतात. या निवाचा अर्थ बाग नव्हे, तर घरापुढची वावरण्याची जागा हे उघड आहे. तात्पर्य, ‘निवा’ हा शब्द अंगणास परका नाही. मात्र त्यामागे योग्य विशेषण किंवा जोडपद नसेल, तर आजचा वाचक त्याचा जुना अर्थ घेणार नाही.

२. अंगण आणि दार

अंगण म्हणजे घराच्या पुढील, वर आकाश मोकळे असलेली, घरच्यांच्या ताब्यातील जागा. तिला कुंपण असेलच असे नाही. सडा-सारवण, रांगोळी, वाळवण, उन्हाळ्यातील झोप, लग्नाचा मांडव ही तिची कार्ये होत. तिचे स्थान ‘पुढे’ असल्यामुळे सर्वसाधारण गद्यात ‘माएनिवा’ (माए म्हणजे पुढे) हा शब्द योग्य ठरतो. हीच चित्राक्षरे ‘झेन्तेइ’ अशीही वाचली जातात. परंतु तो उच्चार वास्तुशास्त्रीय लेखनास अधिक शोभतो, घरगुती वर्णनास नाही.

याहून जवळचा एक शब्द जपानी ग्रामीण भाषेत आहे, तो म्हणजे ‘कादो’. याचा मूळ अर्थ दार किंवा दरवाजा. नववर्षाच्या वेळी दाराशी उभ्या केल्या जाणाऱ्या पाइनच्या सजावटीस ‘कादोमात्सु’ म्हणतात, त्यात हाच शब्द आहे. अनेक प्रांतांत घरापुढच्या, धान्य वाळवण्याच्या जागेसही ‘कादो’ म्हणत आले आहेत. मराठीतही नेमके हेच घडलेले दिसते. ‘दारात रांगोळी काढली’, ‘दारात बैल बांधले’ असे म्हणताना ‘दार’ म्हणजे लाकडी फळ्यांचे दार नसून त्यापुढची जागा अभिप्रेत असते. प्रवेशाचे नाव पुढील मोकळ्या जागेस देण्याची ही रीत दोन्ही भाषांत स्वतंत्रपणे आलेली आहे. लोकजीवनावरील लेखनात, विशेषतः पश्चिम खोऱ्यांतील वस्त्यांचे वर्णन करताना, ‘कादो’ हा शब्द अत्यंत समर्पक होय. मात्र शहरी जपानी वाचकास तो प्रांतिक वाटेल आणि केवळ ऐकला, तर ‘कोपरा’ या अर्थाच्या समोच्चारित शब्दाशी त्याचा घोटाळाही होईल. म्हणून पहिल्या उल्लेखात अर्थ सांगून मग तो वापरावा.

अंगण व घर यांमधील ओसरी आणि पडवी या छपराखालील जागा आहेत. त्यांस कोणत्याही प्रकारचा ‘निवा’ म्हणू नये. बसण्या-उठण्याच्या दृष्टीने ओसरी ‘एंगावा’शी जुळते, परंतु एंगावा लाकडी फळ्यांचा असतो, हे वर्णनात सांगावे लागते.

३. चौक

‘चौक’ हा शब्द संस्कृत ‘चतुष्क’, प्राकृत ‘चउक्क’ यावरून आला. चार बाजू हे त्याचे मुख्य लक्षण. देवडीतून आत आल्यावर चोहोबाजूंनी सोपे आणि मध्ये आकाशाला उघडी, बहुधा दगडी फरसबंदीची जागा, असा वाड्यातील चौक असतो. उजेड, वारा व पावसाचे पाणी यांची व्यवस्था त्याच्याकडे असते. पाण्याच्या निचऱ्यासाठी मोरी आणि वापरासाठी हौद किंवा आड असतो. अंगण घराच्या पुढे असते, तर चौक घराच्या पोटात. म्हणून येथे ‘नाकानिवा’ (नाका म्हणजे आत, मध्ये) हाच योग्य प्रतिशब्द होय. मशिदीतील ‘सहन’ यासही जपानीत हाच शब्द लावतात.

‘त्सुबोनिवा’ हा शब्द येथे मोहात पाडणारा आहे. क्योतोमधील अरुंद तोंडाच्या, खोलवर गेलेल्या व्यापारी घरांत मध्येच चिमुकली मोकळी जागा ठेवून तीत दगडी दिवा, पाण्याचे भांडे, एखादे झाड यांची रचना केलेली असते. तिला त्सुबोनिवा म्हणतात. ‘त्सुबो’ हे सुमारे ३.३ चौरस मीटरचे माप आहे. प्राचीन राजवाड्यातील इमारतींमधल्या आतील जागांसही ‘त्सुबो’ म्हणत व तेथील झाडावरून त्यांस नाव मिळे. अकराव्या शतकाच्या आरंभी मुरासाकी शिकिबू हिने लिहिलेल्या ‘गेंजी मोनोगातारी’तील किरित्सुबो व फुजित्सुबो ही स्त्रियांची नावे त्यांच्या निवासातील अशा जागांवरूनच पडलेली आहेत. तुळशीच्या चौकाशी याचे साम्य जाणवते. तरीही भेद मूलभूत आहे. त्सुबोनिवा मुख्यतः पाहण्यासाठी असतो, त्यात सहसा कोणी वावरत नाही. चौक वावरण्यासाठी असतो. भांडी घासणे, धुणे, निवडणे-टिपणे, मुलांचे खेळ, व्रतबंधाचा सोहळा हे सर्व तेथे होते. यास्तव वाड्याच्या चौकास त्सुबोनिवा म्हणणे म्हणजे त्यातील माणसे वजा करणे होय.

वाड्यास एकाहून अधिक चौक असल्यास ‘पहिला नाकानिवा’, ‘दुसरा नाकानिवा’ असे क्रमाने लिहावे. चीनमधील चारही बाजूंनी बांधलेल्या घरास जपानीत ‘शिगोइन’ म्हणतात. जपानी वाचकास ही रचना परिचित असल्यामुळे चौसोपी वाड्याचे वर्णन करताना तुलनेसाठी तिचा उल्लेख उपयोगी पडतो, परंतु प्रतिशब्द म्हणून नाही.

येथे एक सावधगिरी आवश्यक आहे. मराठीत रस्ते जेथे मिळतात, त्या जागेसही ‘चौक’ म्हणतात. पत्ता किंवा मार्ग सांगताना आलेला चौक ‘नाकानिवा’ नव्हे. तो ‘योत्सुत्सुजि’ किंवा आजच्या भाषेत ‘कोसातेन’ होय.

४. परस

घराच्या मागची जागा म्हणजे परस. आड, न्हाणीचे पाणी सोडलेली केळ व आळू, कढीलिंब, शेवगा, गोवऱ्या, जळणाचा साठा हे परसाचे विषय. अंगण पाहुण्यांना दिसते. परस घरच्यांचे, त्यातही विशेषतः स्त्रियांचे कार्यक्षेत्र असते. जपानीत ‘उरा’ म्हणजे मागील बाजू, म्हणून ‘उरानिवा’ हा प्रतिशब्द सरळ आहे. परसबागेवर भर असल्यास ‘साइएन’, म्हणजे भाजीचा मळा, हा शब्द जोडावा.

जुन्या धाटणीच्या लेखनात ‘सेदो’ हा शब्दही विचारात घ्यावा. त्याचा अर्थ मागचे दार व त्यामागची जागा. मराठी ‘मागीलदार’ व ‘परसदार’ यांच्याशी तो तंतोतंत जुळतो. अशा रीतीने ‘कादो’ व ‘सेदो’ ही जोडी मराठीतील ‘पुढीलदार’ व ‘मागीलदार’ या जोडीसमोर ठेवता येते. इंग्रजीच्या मध्यस्थीने हे साम्य कधीच दृष्टीस पडले नसते.

‘परसाकडे जाणे’ या वाक्प्रचारात मात्र परस ही जागा नसून शौचास जाण्याचा तो सभ्य पर्याय आहे. त्याचे भाषांतर ‘उरानिवात गेला’ असे केल्यास अर्थ हरवतो.

५. खळे

‘खळे’ हा शब्द संस्कृत ‘खल’ यापासून आला. मळणीची जागा या अर्थाने तो ऋग्वेदातही येतो. पूर्व भागात खळे बहुधा शेतात असे. जमीन चोपून व सारवून टणक केल्यावर मधोमध तिवडा रोवीत, त्याभोवती कणसे पसरून बैलांची पात फिरवीत. मग उपणणी होऊन रास पडे आणि बलुतेदारांचा वाटाही खळ्यावरच मोजला जाई. म्हणजे खळे ही केवळ कामाची जागा नव्हती. गावाचा व्यवहारही तेथे होत असे. पश्चिमेच्या भातखोऱ्यांत बैलांच्या पायांनी मळण्याऐवजी भाताच्या पेंढ्या झोडपून दाणे काढण्याची पद्धत आहे. आणि घराजवळचे अंगणच सुगीपुरते खळे बनते.

जपानीत याला ‘उचिबा’ असा शब्द आहे. बायबलच्या जपानी भाषांतरांतही मळणीच्या जागेसाठी तो येतो. ‘उचि’ म्हणजे झोडपणे आणि ‘बा’ म्हणजे जागा. म्हणून घाटमाथ्यालगतच्या भाताच्या खळ्यास हा शब्द उत्तम लागू पडतो. बाजरी-ज्वारीच्या खळ्यास तो लावताना मात्र, येथे धान्य बैलांकडून तुडविले जाते, असे स्पष्ट करावे लागेल. अन्यथा वाचक तिवड्याचे प्रयोजन समजणार नाही. जेथे अंगणच खळे होते, तेथे जुन्या अर्थाचा ‘निवा’ हा शब्द ‘धान्याच्या कामाची जागा’ अशा स्पष्टीकरणासह वापरणे सर्वांत यथार्थ होईल. आजच्या कानाला बाग वाटणारा हा शब्द त्याच्या जुन्या अर्थाने खळ्याच्याच अधिक निकट आहे.

कोकणात घरापुढच्या अंगणालाच ‘खळे’ म्हणतात. लेखक किंवा निवेदक कोणत्या भागातील आहे, हे पाहिल्याशिवाय या शब्दाचे भाषांतर करू नये.

६. देवालये आणि लेणी

ओझरच्या विघ्नेश्वर मंदिरास भोवती दगडी तट, प्रवेशद्वार, दीपमाळा व आत फरसबंदी जागा आहे. तटाच्या आतील सर्व क्षेत्रास जपानीत ‘केइदाइ’ म्हणावे. या शब्दाचा अर्थ ‘सीमेच्या आत’ असा असून बौद्ध मंदिरे व शिंतो देवस्थाने या दोहोंच्या आवारास तो लागतो. परंतु केइदाइमध्ये मुख्य मंदिर, दीपमाळ, ओवऱ्या हे सारे येते. नुसती मोकळी फरसबंदी जागा दाखवावयाची असेल, तर ‘इशिदातामि’, म्हणजे फरसबंदी, या शब्दाने तिचे वर्णन करावे. शाळा, कारखाना, कचेरी यांच्या आवारास केइदाइ कधीही चालणार नाही. तेथे ‘कोनाइ’ हा शब्द आहे. शाळेच्या पटांगणास ‘कोतेइ’, तर गावातील सार्वजनिक पटांगणास ‘हिरोबा’ म्हणतात.

लेण्यांच्या बाबतीत प्रश्न अधिक सूक्ष्म आहे. जुन्नरच्या उत्तरेस कुकडीपलीकडे लेण्याद्रीच्या डोंगरात सुमारे ३० लेणी आहेत. त्यांतील सातव्या लेण्यात गिरिजात्मजाचे स्थान आहे. हे मूळचे विहार असून आत खांबांशिवाय कोरलेले प्रशस्त दालन आणि तीन बाजूंनी मिळून २० खोल्या आहेत. विटा-दगडांनी बांधलेल्या विहारांत, उदाहरणार्थ नालंदा किंवा तक्षशिला येथे, खोल्यांच्या मध्ये उघडा चौक असतो. डोंगरात कोरताना वरचा खडक तसाच राहतो व त्या चौकाचे छप्पर असलेले दालन होते. म्हणून इतिहासाच्या दृष्टीने या दालनास ‘झाकलेला चौक’ म्हणणे सयुक्तिक आहे. तथापि त्यास जपानीत ‘नाकानिवा’ म्हणता येणार नाही, कारण वर आकाश नाही. येथे ‘हिरोमा’, म्हणजे मोठे दालन, हा शब्द घ्यावा आणि त्याचा नाकानिवाशी असलेला संबंध निराळ्या वाक्यात सांगावा. लेण्याच्या दर्शनी भागापुढे खडक तोडून केलेली उघडी जागा मात्र निश्चितपणे ‘झेन्तेइ’ होय.

जागेला तिच्या कार्यावरून नाव देण्याची परंपरा या डोंगरांत फार जुनी आहे. येथील प्राकृत दानलेखांत ‘पोढि’ म्हणजे पाण्याचे टाके, ‘लेण’ म्हणजे राहण्याचे लेणे आणि ‘चेतियघर’ म्हणजे चैत्यगृह अशी नावे काळजीपूर्वक वेगळी ठेवलेली आढळतात. चिट नावाच्या यवनाने संघास ‘भोजनमटप’ दिल्याची नोंद आहे. महाक्षत्रप नहपानाचा अमात्य अयम याने वर्ष ४६ मध्ये एक पोढि व एक मटप दिल्याचे मानमोडी डोंगरातील लेख सांगतो. दात्यांनी ‘दान दिले’ एवढ्यावर न थांबता नेमके काय दिले, हे नोंदविले. भाषांतरकाराने यापेक्षा कमी काटेकोर असण्याचे कारण नाही.

७. लाक्षणिक प्रयोग

जागेचे नाव जेव्हा जागेपुरते राहत नाही, तेव्हा भाषांतरकाराची खरी कसोटी लागते. ‘अंगणवाडी’ या शब्दात अंगण आहे. पण १९७५ मध्ये सुरू झालेल्या एकात्मिक बालविकास योजनेतील ते बालकांचे केंद्र होय. त्याचे भाषांतर निवा या शब्दावरून न करता मूळ नाव ठेवून अर्थ द्यावा.

दुसरे उदाहरण या प्रदेशाच्या जिव्हाळ्याचे आहे. ज्या गावावरून आंबेगाव तालुक्यास नाव मिळाले, ते जुने आंबेगाव घोड नदीवरील डिंभे धरणाच्या जलाशयात बुडाले. जलाशयास याच तालुक्याचे सुपुत्र हुतात्मा बाबू गेनू यांचे नाव आहे. तालुक्याचे ठाणे घोडेगाव येथे आहे आणि मूळ गावाचे नाव तालुक्याच्या नावात उरले आहे. अशा गावातील मनुष्य ‘अंगण पाण्यात गेले’ असे म्हणाला, तर त्याचे जपानी भाषांतर काय करावे? ‘निवा बुडाला’ असे लिहिल्यास जपानी वाचकास एक बाग गेली असे वाटेल आणि त्या वाक्यातील हानी त्याच्यापर्यंत पोहोचणार नाही. येथे अंगण म्हणजे घर, दार, गोठा, परस, पिढ्यांचा वावर असे सर्व काही आहे. मराठीत यास ‘घरदार’ म्हणतात. जपानीत ‘इएयाशिकि’ असा शब्द आहे. घर आणि ते ज्या जागेवर उभे आहे ती जागा, या दोहोंचा त्यात समावेश होतो. त्या वाक्यासाठी हाच शब्द योग्य होय. जपानी वाचकास हा अनुभव अपरिचित नाही. टोकियोच्या पाणीपुरवठ्यासाठी बांधलेले ओगोउचि धरण १९५७ मध्ये पुरे झाले, तेव्हा ओगोउचि हे गाव असेच जलाशयाखाली गेले होते. शब्द नीट निवडला, तर एका जलाशयाकाठची गोष्ट दुसऱ्या जलाशयाकाठी विशेष स्पष्टीकरणाशिवाय कळू शकते.

उपसंहार

वरील विवेचनावरून प्रतिशब्द निवडताना चार प्रश्न क्रमाने विचारावेत, असे दिसून येते. वर आकाश आहे की छप्पर? जागा घराच्या पुढे, आत, की मागे आहे? ती वावरण्यासाठी आहे, धान्याच्या कामासाठी, उपासनेसाठी, की केवळ पाहण्यासाठी? आणि शेवटी, बोलणारा त्या जागेविषयी बोलत आहे, की तिच्या निमित्ताने आणखी कशाविषयी? पहिल्या तीन प्रश्नांची उत्तरे पुष्कळदा मराठी शब्दातच असतात. अंगण, चौक, परस व खळे या शब्दांनी ती आधीच देऊन ठेवलेली आहेत. चौथ्याचे उत्तर मात्र कोणत्याही कोशात मिळणार नाही. त्यासाठी वाक्य कोणाचे आहे व ते कोठे उच्चारले गेले, हे पाहावे लागते. जुने वाडे पडत आहेत आणि मळणी यंत्रांमुळे खळी मोडत आहेत. वास्तूबरोबर तिच्या नावांतील भेदही विसरले जाण्याचा संभव आहे. दुसऱ्या भाषेत प्रतिशब्द शोधण्याच्या निमित्ताने ते भेद नोंदले गेले, तर त्याचा लाभ जपानी वाचकाइतकाच मराठी वाचकासही होईल.